अंधारातील दोन बाण

जपानच्या जुन्या युद्धविद्यांचा परिचय करून देणारे एखादे सुटसुटीत पुस्तक सुचवा, असे आम्हांस कोणी विचारले की आमचे उत्तर गेली पंधरा-वीस वर्षे ठरलेले असे. ऑयगेन हेरिगेल यांचे धनुर्विद्येवरील छोटे पुस्तक वाचा, असे आम्ही सांगत असू. एका बैठकीत संपते, आणि संपल्यावर दोन दिवस मनातून जात नाही. महाविद्यालयात असताना ते प्रथम आमच्या हाती आले तेव्हा आमचीही स्थिती तशीच झाली होती. हे उत्तर आम्ही आता मागे घेत आहोत. पुस्तक वाचू नये असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या पुस्तकाने जगभरच्या वाचकांस जपानी शस्त्रविद्येच्या दारात नेऊन उभे केले, ते दारातच वाट चुकवते असे मानण्यास सबळ कारणे आहेत, आणि ती सांगितल्यावाचून या विषयाचा परिचय प्रामाणिकपणे करून देता येत नाही.

हेरिगेल (1884–1955) हे जर्मन तत्त्वज्ञानाचे अध्यापक. 1924 ते 1929 या काळात ते जपानच्या ईशान्य भागातील सेंदाई येथे तोहोकु साम्राज्य-विद्यापीठात शिकवीत होते. गूढवादाची ओढ त्यांना पूर्वीपासूनच होती. झेन जाणून घ्यावयाचे तर एखादी जपानी कला हस्तगत करावी, असा सल्ला मिळाल्यावरून त्यांनी आवा केन्झो (1880–1939) या धनुर्धराचे शिष्यत्व पत्करले. (जपानी नावांत आडनाव आधी येते, आम्ही तोच क्रम ठेवला आहे.) 1936 मध्ये त्यांनी या अनुभवावर बर्लिन येथे व्याख्यान दिले. 1948 मध्ये त्याचा विस्तार होऊन पुस्तक निघाले आणि 1953 मध्ये सुझुकी दाइसेत्सु यांच्या प्रस्तावनेसह त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे. 'अमुक कलेतील झेन' अशा मथळ्याची जी पुस्तके त्यानंतर निघाली, त्या सर्वांचे मूळपुरुष हेच.

पुस्तकातील मध्यवर्ती प्रसंग असा. बाण आपण सोडावयाचा नसून तो 'सुटला' पाहिजे, असे गुरू वर्षानुवर्षे सांगत आहेत आणि शिष्याची बुद्धी ते स्वीकारीत नाही. अखेर गुरू त्याला रात्री बोलावतात. धनुर्विद्येच्या दालनात पुरेसा उजेड आहे, परंतु पलीकडे लक्ष्य आहे तेथे गडद अंधार. लक्ष्यापुढच्या वाळूत एक बारीक उदबत्ती तेवढी खोचलेली. गुरू दोन बाण सोडतात. शिष्य दिवा लावून पाहतो तो पहिला बाण लक्ष्याच्या मध्यबिंदूत, आणि दुसऱ्याने पहिल्याचे बूड चिरून काढलेले. त्यावर गुरू बोलतात. पहिल्या बाणाचे श्रेय एक वेळ तीस वर्षांच्या परिचयाला देता येईल, दुसऱ्याचे काय? तो आपण मारला नाही, 'त्याने' मारला! हे 'ते' म्हणजे काय, यावर पुढे जगात किती शाई खर्च झाली याची गणती नाही.

आता या प्रसंगाचा पुरावा पाहू. त्या रात्री दालनात दोघेच होते, गुरू आणि शिष्य. शिष्याला जपानी भाषा बेताचीच येत होती आणि गुरूंना जर्मन येत नव्हते. एरवी दोघांमध्ये दुभाषी असे. त्या रात्री तो नव्हता. असे असता पहिल्या व दुसऱ्या बाणातील भेद सांगणारे ते सूक्ष्म, पाल्हाळिक भाषण शिष्याला कळले कसे? आमच्या व्यवसायात हा पहिल्या पाच मिनिटांत विचारण्याचा प्रश्न आहे; पुस्तकाच्या चाहत्यांनी तो पन्नास वर्षे विचारला नाही, आणि त्या चाहत्यांत आम्हीही होतो. क्योतो येथील एका संशोधन-केंद्रात काम करणारे आणि स्वतः धनुष्य चालविणारे यामादा शोजी यांनी 2001 मध्ये एका दीर्घ निबंधात तो विचारला आणि 2009 मध्ये ग्रंथरूपाने विस्ताराने मांडला. आम्ही येथे मुख्यतः त्यांच्याच तपासाच्या आधाराने बोलत आहोत.

दुभाष्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय आम्हांस पुढे जाववत नाही. सीमाभागातील न्यायालयांत साक्षीदार एका भाषेत बोलतो, वकील दुसऱ्या भाषेत विचारतो आणि कागदावर तिसरीच भाषा उतरते. आम्ही वकिलीस नवे असताना एका वृद्ध कोंकणी साक्षीदाराने एका प्रश्नास 'म्हाका याद ना' असे स्वच्छ उत्तर दिले. टिपणात आले, 'असे घडले नाही.' आठवत नाही आणि घडले नाही यांत एका माणसाच्या जमिनीचे अंतर होते. दुरुस्ती करून घेण्यास आम्हांस अर्धा दिवस लागला, आणि दुभाष्याचा हेतू मुळीच वाईट नव्हता. म्हाताऱ्याचे बोलणे त्याला नीटनेटके करून द्यावयाचे होते, इतकेच.

हेरिगेल यांचे दुभाषी हे योगायोगाने आमच्याच बिरादरीतले. कोमाचिया सोझो हे त्याच विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक होते, आणि स्वतः आवांचे शिष्य. हेरिगेल यांना शिष्य करून घ्यावे म्हणून गुरूंकडे रदबदली त्यांनीच केली. पुढे 1940 मध्ये त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या आणि त्यांत, कायदेपंडितास शोभेल अशा सरळपणाने, स्वतःविरुद्ध कबुली दिली. आवा अनेकदा पूर्वी सांगितलेल्याच्या नेमके उलट बोलत; अशा वेळी आपण भाषांतर न करता गप्प बसत असू. पाहुण्याने आग्रह धरलाच, तर गुरुजी नेहमीचेच सांगत आहेत असे म्हणून वेळ मारून नेत असू. जे बोलले गेले ते सर्व हेरिगेल यांच्यापर्यंत पोहोचले नाही, आणि जे पोहोचले ते वाटेत घासूनपुसून लख्ख झालेले होते, असा याचा अर्थ.

याच कोमाचियांनी, ती अंधारातील कथा वाचल्यावर, आवांनाच गाठून तिच्याविषयी विचारले. आवा हसले आणि म्हणाले की तो निव्वळ योगायोग होता. असे काही करून दाखवावे असा आपला हेतूच नव्हता.

ज्या गुरूच्या तोंडी तो महासिद्धान्त घातला गेला, त्या गुरूनेच तो असा सहज उडवून लावलेला पाहून आम्ही हातातले पुस्तक मिटले, हे कबूल करतो. जाता जाता हेही सांगावयास हवे की एका बाणाने दुसऱ्याचे बूड फोडणे ही घटना कुशल धनुर्धरांच्या हातून अधूनमधून घडते, आणि जपानी धनुर्धरास तिचे भूषण वाटत नाही. आपलेच चांगले बाण आपण मोडले, म्हणून तो थोडा ओशाळतोच.

राहिला 'ते' या शब्दाचा प्रश्न. आवांच्या उपलब्ध लेखनात किंवा त्यांच्या इतर शिष्यांच्या टिपणांत 'ते बाण मारते' अशी शिकवण आढळत नाही, असे यामादा सांगतात आणि एक तर्क पुढे करतात. शिष्याच्या हातून एखादा बाण उत्तम सुटला की जपानी गुरू 'सोरे देशिता' असे सहज म्हणून जाईल. म्हणजे 'ते होते', आपल्या भाषेत 'हां, तेच!' तालमीत पोराचा डाव नेमका बसला की वस्ताद 'हेच ते!' म्हणून मांडीवर थाप मारतात, त्यातलाच हा प्रकार. आता हा उद्गार तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या कानी पडावा, मध्ये अर्धवट भाषांतर असावे, आणि 'तेच होते' याचे 'त्यानेच केले' व्हावे. कर्ता नव्हता तेथे कर्ता उभा राहिला, आणि तोही अतींद्रिय! हा तर्क आहे, सिद्ध झालेली वस्तुस्थिती नव्हे, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. यामादाही अधिक दावा करीत नाहीत. पण दोन पक्षांपैकी संभवनीय कोणता, असे आम्हांस कोणी विचारले तर आम्ही उत्तर देण्यास फार वेळ घेणार नाही.

आणखी एक गोष्ट. पुस्तकाच्या नावात झेन आहे. गुरूच्या आयुष्यात ते शोधू जावे तर सापडत नाही. आवांनी एखाद्या झेन आचार्यापाशी साधना केल्याचा दाखला नाही. ते प्रथम अव्वल दर्जाचे नेमबाज होते. चाळिशीच्या सुमारास त्यांना एक विलक्षण मानसिक अनुभव आला, आणि त्यानंतर केवळ नेम साधणे ही विद्या नव्हे असे म्हणत त्यांनी स्वतःचाच एक पंथ स्थापन केला. त्या काळच्या बहुसंख्य धनुर्धरांनी त्यांना माथेफिरू ठरविले. हेरिगेल यांनी जो गुरू परंपरेचा प्रतिनिधी म्हणून जगापुढे ठेवला, तो परंपरेशी भांडून बाहेर पडलेला माणूस होता. एका बंडखोराच्या तोंडून घेतलेली जबानी साऱ्या घराण्याच्या नावावर नोंदवावी, तसे हे झाले. काळाचाही हिशेब बसत नाही: पुस्तकात जवळजवळ सहा वर्षांच्या शिक्षणाची भाषा आहे, जपानमधला मुक्काम पाच वर्षांचा, आणि धनुष्य हाती धरल्याचा काळ यामादांच्या मते सुमारे तीन वर्षांचा.

मग खरी परंपरा कशी होती? येथे गोव्यातील वाचकास एक ओळखीची खूण सापडेल. 1543 मध्ये एका चिनी जहाजातून काही पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले आणि त्यांच्याबरोबर जपानात तोड्याची बंदूक आली. त्या वेळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील कारभाराचे मुख्य ठाणे गोवे होते. जपानी लोहारांनी ती बंदूक झपाट्याने उचलली. 1575 च्या नागाशिनो येथील लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकवाल्यांनी ताकेदांच्या घोडदळाची वाताहत केली. रणांगणावरील धनुष्याचे महत्त्व त्या शतकात ओसरले. पुढे 1603 पासून तोकुगावा राजवटीत अडीचशे वर्षांची शांतता आली. लढाई नाही, आणि योद्ध्यांचा एक संपूर्ण वर्ग तर आहे. अशा वेळी विद्येने काय व्हावे?

ती मौन साधना झाली, असे हेरिगेल यांचा वाचक म्हणेल. ती झाली प्रथम एक प्रचंड स्पर्धा! क्योतो येथील सांजूसान्गेन्दो या देवालयाला सुमारे 120 मीटर लांबीची पडवी आहे. त्या पडवीत एका टोकाला बसून, छपराला बाण न लागू देता, तो दुसऱ्या टोकापार काढावयाचा, आणि असे बाण एका अहोरात्रात किती जातात ते मोजावयाचे. 1669 मध्ये होशिनो कान्झाएमोन याने 10,542 पैकी 8,000 बाण पार केले. 1686 मध्ये वासा दाइहाचिरो याने 13,053 बाण सोडून त्यांतील 8,133 पार केले. म्हणजे चोवीस तास सरासरी साडेसहा सेकंदांस एक बाण. त्यांची सरंजामी घराणी एकमेकांवर ईर्ष्येने हे विक्रम चढवीत, पैसा ओतीत. पोळलेली बोटे, सुजलेले खांदे, कारकुनांची मोजणी आणि घराण्याची प्रतिष्ठा यांनी ती पडवी भरलेली असे. आजही जपानी धनुर्विद्येच्या शाळांत भिंतीवर जे दोन उपदेशपर उतारे लावतात, त्यांपैकी एक चिनी 'विधिग्रंथा'तील आहे, म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेचा. दुसरा योशिमी जुन्सेइ यांचा, आणि हे गृहस्थ त्या पडवीच्या स्पर्धेतलेच नामांकित वीर. भिंतीवरच्या या दोन वचनांत झेनला स्वतंत्र जागा मिळालेली नाही.

याचा अर्थ झेनचा आणि शस्त्राचा संबंधच नव्हता असा कोणी करू नये. विरुद्ध पुरावा दडविणे आम्हांस शोभणार नाही. झेन भिक्षू ताकुआन सोहो (1573–1645) यांनी शोगुनांचे खड्गगुरू याग्यू मुनेनोरी यांना लिहिलेला उपदेश प्रसिद्ध आहे: चित्त कोठेही, प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीवरही आणि स्वतःच्या तलवारीवरही, अडकू देऊ नये. तो आजही वाचण्याजोगा आहे. पण तो तलवारीविषयीचा आहे, एका भिक्षूने एका पुरुषाला केलेला आहे. साऱ्या विद्यांचे ते बीज नव्हे. चिबा प्रांतातील कातोरी शिंतो-र्यू हे पंधराव्या शतकापासून चालत आलेले घराणे शिंतो देवस्थानाशी निगडित आहे. तेथे प्रवेश करणारा शिष्य रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेतो आणि मग वर्षानुवर्षे लाकडी तलवारीने जोडीदाराबरोबर ठरलेले 'काता' घोटतो.

ज्या नावांनी या विद्या आज ओळखल्या जातात ती तर आणखी अलीकडची. 'दो' म्हणजे मार्ग. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एका देवळाच्या बारा चटयांच्या जागेत, नऊ शिष्यांनिशी, जुन्या जुजुत्सूतून जूदो घडविली. ते सुशिक्षित शिक्षणतज्ज्ञ होते आणि आपण काय टाकतो व काय ठेवतो हे ते पुरते जाणून होते. 1919 च्या सुमारास दाइ निप्पोन बुतोकुकाइ या संस्थेने तलवार व धनुष्य यांच्या नावांतील 'जुत्सु', म्हणजे कसब, काढून तेथे 'दो' घातले. कराते हे तर ओकिनावा बेटाचे. फुनाकोशी गिचिन यांनी 1922 मध्ये ते तोक्योत आणले, आणि नावातील 'चिनी हात' या अर्थाचे अक्षर पुढे बदलून तेथे 'रिकामा हात' असे आले. मार्ग हा शब्द खोटा नाही, परंतु तो प्राचीनही नाही; एका आधुनिक राष्ट्राने आपल्या जुन्या कसबांस शाळेत बसवताना दिलेले ते नाव आहे. त्याच शाळांतून पुढे लष्करी वृत्तीही शिकविली गेली, म्हणूनच 1945 नंतर काही काळ या विद्यांवर बंदी आली आणि 1946 मध्ये ती संस्था विसर्जित झाली.

हेरिगेल यांच्या कथेला भारतीय वाचक लवकर वश होतो, हे आम्ही स्वानुभवावरून सांगतो. झेन हा शब्दच मुळी आपल्या 'ध्यान' शब्दाचा चीनमार्गे गेलेला वंशज. त्यातून धनुष्य! मुंडकोपनिषदात प्रणवाला धनुष्याची आणि ब्रह्माला लक्ष्याची उपमा दिलेली आम्हांस पाठ असते. द्रोणाचार्यांनी घेतलेली पक्ष्याच्या डोळ्याची परीक्षा लहानपणीच ऐकलेली असते. आणि फळाची आशा न धरता कर्म करावे हे तर आपण उठताबसता सांगत असतो. तेव्हा सेंदाईच्या गुरूने 'ते' म्हणताच आम्ही ताबडतोब त्याचे 'तत्' करून टाकले आणि दूरचा भाऊ भेटल्याचा आनंद मानला. जर्मन प्राध्यापकाने जपानात जाऊन आपल्याच देशातला गूढवाद ऐकला म्हणून आज त्याला हसणे सोपे आहे. आम्ही घरबसल्या, तेही भाषांतरात, आपले उपनिषद ऐकले! एखादा परका माणूस आपल्या वारीचे किंवा फुगडीचे असे वर्णन करून गेला असता, तर याच नियतकालिकात त्याला चार खडे बोल सुनावण्यास आम्ही मागेपुढे पाहिले नसते.

हेरिगेल 1937 मध्ये नाझी पक्षात गेले आणि 1944–45 मध्ये एरलांगेन विद्यापीठाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. काही टीकाकार याच एका गोष्टीवर पुस्तक निकालात काढतात. साक्षीदाराचे चारित्र्य वाईट म्हणून त्याने पाहिलेला बाण वेगळीकडे लागत नाही, असे आमचे मत आहे. तथापि अहंकार सोडल्याची इतकी गोड वर्णने करणाऱ्याने ती साधना कोठवर नेली, हे विचारण्याचा वाचकास अधिकार आहेच.

मग या पुस्तकात राहते काय? आमच्या मते, ज्या पानांवरून वाचक घाईघाईने अंधाराच्या प्रसंगाकडे जातो, ती पाने राहतात. माणसाहून उंच, सव्वादोन मीटरच्या घरातले धनुष्य. त्याची मूठ मध्यावर नसून खालून तिसऱ्या हिश्श्यावर. उजव्या हाताला जाड अंगठ्याचा कातडी मोजा, आणि त्या अंगठ्यात अडकवलेली प्रत्यंचा. लक्ष्य अठ्ठावीस मीटरवर असते, पण नवशिक्याला तिकडे पाहण्याची परवानगीच नाही. पुढ्यात दोन मीटरवर असलेल्या पेंढ्याच्या भाऱ्यात बाण मारीत महिनेच्या महिने काढावयाचे. हात थरथरतात, श्वास अडकतो, बाण सुटताना सारे शरीर हिसका खाते. हे वर्णन कोणा दुभाष्याचे नव्हे. ते लिहिणाऱ्याच्या खांद्यांनी लिहिलेले आहे.

त्यांतच ती लबाडीची हकीकत येते. बाण 'आपोआप' सुटत नाही म्हणून वैतागलेले हेरिगेल सुट्टीत समुद्रकाठी जातात आणि तेथे एक युक्ती शोधून काढतात. अंगठ्यावरची बोटे अगदी हळूहळू सैल करीत गेले, की एका क्षणी बाण झटक्यात निघतो आणि तो न सोडता सुटल्यासारखा दिसतो. बंदूक-पिस्तुलाचा जुना सराव कामी आला म्हणून ते खूष होतात. परत आल्यावर गुरूंपुढे त्या रीतीने पहिला बाण मारतात; स्वतःला तो सुरेख वाटतो. गुरू क्षणभर पाहतात आणि पुन्हा मारावयास सांगतात. दुसरा बाण पहिल्याहूनही सुरेख सुटतो. गुरू एक शब्द न बोलता जवळ येतात, हातातले धनुष्य काढून घेतात आणि शिष्याकडे पाठ करून आसनावर बसतात. शिष्याला अर्थ कळतो. तो उठून घरी जातो. कोमाचिया आले ते दुसऱ्या दिवशी, गुरूंनी तुम्हांस फसवणुकीबद्दल काढून टाकले आहे हा निरोप घेऊन. पुढे त्यांच्याच मध्यस्थीने माफी मिळाली, आणि हेरिगेल पुन्हा पेंढ्याच्या भाऱ्यापुढे उभे राहिले.